एका ओळीत तेवीस नोंदी

कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ
२ जानेवारी २०२५

चि. मेघा हिस,
दिगंबर काकांचे आशीर्वाद.

तुझा फोन लागत नाही. माझ्या नंबरावरून लागत नाही, एवढंच खरं. परवा तुझ्या काकूच्या, सिंधूच्या मोबाईलवरून लावला तर पहिली रिंग गेली आणि मीच घाबरून कापला. म्हणून पत्र. नागपूरचा पत्ता ऑफिसच्या फाईलमधून उतरवून घेतला, त्याबद्दल रागावू नकोस.

तुझा डबा आणि स्वेटर टेबलाच्या खणात राहिला होता. पार्सल वेगळं पाठवलं आहे.

वसंतरावांना जाऊन आज पंधरा दिवस झाले. तू त्यांना एकदाच पाहिलंस, आपण डायलिसिस सेंटरवर प्रोग्राम बसवायला गेलो होतो तेव्हा. मशीनला जोडलेला हात न हलवता त्यांनी दुसऱ्या हाताने तुला पेढा दिला होता. नेहरू नगरच्या दत्तमंदिरात ते आमच्या भजनात असत. इथे बदली होऊन आलेल्या मराठी घरांपैकी त्यांचं घर जुनं.

काल त्यांच्या पत्नीने, मालतीवहिनींनी, बोलावून घेतलं. वसंतरावांचा मोबाईल त्यांच्या हातात होता. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही कॉम्प्युटरवाले. जरा बघा ना. डायलिसिसचा वार बदलल्याचा मेसेज आला होता म्हणे. सेंटरवाले ठासून सांगतात, पाठवला. माझ्याच हातून पुसला गेला असेल का? त्या रिचार्जवाल्यांचे मेसेज मी रोज पुसते."

मी मोबाईल घेतला आणि वरखाली केला. कौस्तुभ, त्यांचा मुलगा, पुण्याहून आला होता तेव्हा आईला म्हणाला, "एक मेसेज वाचता आला नाही तुला?" तो परत गेला, त्यानंतर त्याचा फोन नाही. मी म्हटलं, "वहिनी, आता शोधून काय होणार." त्या म्हणाल्या, "म्हणजे पुसलाच मी." मी मोबाईल त्यांच्या हातात परत दिला. घरी आलो.

काय घडलं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यात ते नीट लागत नाही. सेंटरचा पाण्याचा प्लांट मंगळवारी धुवायचा होता. म्हणून मंगळवारचे तेवीस पेशंट सोमवारवर आणले गेले. नोंदी बदलल्या. मेसेज गेले नाहीत. बाकीच्यांना कुणाकुणाकडून कळलं, काहींनी दुसरीकडे सोय केली. वसंतराव मंगळवारी सकाळी रिक्षाने गेले तर दाराला कुलूप. चौकीदार म्हणाला, "बाबूजी, अब शुक्रवार को ही आना।" ते घरी आले. बुधवारी दुपारी गेले.

तू नवीन होतीस तेव्हा चहाच्या ठेल्यावर मला ऑब्झर्व्हर समजावला होतास. ऑफिसात मी तुझा सर, जिना उतरलो की काका. म्हणालीस, "काका, सोपं आहे. पेशंटची नोंद बनली, बदलली, पुसली, की प्रोग्रामचा सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क, स्वतःहून हाक मारतं. ती हाक ऐकायला आपण कोडचा एक तुकडा बसवायचा. वार बदलला की तो दोन कामं करणार. पेशंटला मेसेज, आणि इतिहासाच्या तक्त्यात एक ओळ, कोणी बदललं, किती वाजता. माणूस विसरेल, तो नाही विसरणार." पन्नाशीला आलेल्या माणसाला तू इतक्या धीराने शिकवत होतीस.

तो ऑब्झर्व्हर मी पुन्हा वाचला. त्यात मला दोष दिसला नाही. पण मशीनच्या गोष्टी, कधी काय होईल सांगता येत नाही.

त्या गुरुवारी मीटिंगमध्ये साहेबांनी, जितेंद्रजींनी विचारलं, "मेसेज भेजने वाला ऑब्ज़र्वर किसका लिखा है?" मी म्हटलं, "मेघा का।" तू माझ्याकडे पाहिलंस. मी खरं तेच बोललो होतो. एवढं लक्षात घे.

प्रकृतीला जप.
दिगंबर काका

---

कोटरा सुल्तानाबाद
२६ जानेवारी २०२५

चि. मेघा,

काल तुझ्या वडिलांचा फोन आला. गोपीनाथरावांशी मी याआधी एकदाच बोललो होतो, तुला इथे खोली पाहून दिली तेव्हा. त्यांनी सांगितलं की नागपूरच्या कंपनीत तुझं काम जवळजवळ झालं होतं. कंपनीने भोपाळला चौकशी केली, आणि इथून जितेंद्रजींनी सांगितलं की हिच्या कोडमुळे एक पेशंट गेला. संध्याकाळी तुला नकार आला.

"साहेब," ते म्हणाले, "ती जेवत नाही. दिवसभर लॅपटॉप उघडून तोच कोड वाचत बसते. म्हणते, माझी चूक मला सापडत नाही बाबा. तुम्ही वडीलधारे आहात. तुम्ही तरी सांगा तिला, कुठे चुकली ती."

मी "बघतो" म्हटलं आणि फोन ठेवला. "बघतो" म्हटलं मी.

मेघा, तो कोड वाचणं बंद कर. त्यात चूक नाही.

शनिवारी, १४ डिसेंबरला, साडेचारला सेंटरवरून फोन आला. तू पाचला जायचीस पण त्या दिवशी सुट्टीवर होतीस, कॉलेजच्या कुठल्याशा मैत्रिणीचं लग्न होतं. मंगळवारचे सगळे सोमवारवर न्या, असं ते म्हणाले. प्रोग्रामच्या पडद्यावरून एकेक पेशंट उघडायचा, वार बदलायचा, सेव्ह करायचं. तेवीस पेशंट म्हणजे पाऊण तास. त्या दिवशी दत्तजयंती होती. सूर्यास्ताला जन्म, पाळणा, मग भजन. हार्मोनियम माझ्याकडे असते.

मी सर्व्हरची काळी खिडकी उघडली आणि एक ओळ लिहिली. ज्यांचा वार मंगळवार, त्यांचा करा सोमवार. एका क्षणात उत्तर आलं, तेवीस. मी खिडकी बंद केली आणि निघालो.

पुढचं तुला सांगायला नको. असा एकगठ्ठा बदल थेट डेटाबेसला जातो. नोंदी एकेक करून प्रोग्राममध्ये वर येतच नाहीत. मग फ्रेमवर्क हाक मारणार कुणाच्या नावाने? तुझा ऑब्झर्व्हर ऐकायला बसलेला होता. त्याला हाकच आली नाही. मेसेज गेला नाही, आणि इतिहासाच्या तक्त्यात माझं नावही आलं नाही. तू कोडमध्ये जे शोधते आहेस ते तिथे नाही, इथे आहे.

मी विसरलो. घाईत माझ्या लक्षात आलं नाही की अशा बदलाने ऑब्झर्व्हर जागा होत नाही.

मी जितेंद्रजींना सांगणार आहे.

दिगंबर काका

---

कोटरा सुल्तानाबाद
१६ फेब्रुवारी २०२५

मेघा,

तुझं उत्तर नाही. पण पत्र पोचल्याची पावती आली, त्यावर तुझी सही आहे. ती सही मी बराच वेळ पाहिली.

जितेंद्रजींना सांगितलं. ते कसं झालं ते तुला कळायला हवं, कारण ते मला वाटलं होतं तसं झालं नाही.

केबिनचं दार लावून मी उभ्यानेच सगळं सांगितलं. एक ओळ, तेवीस नोंदी, दत्तजयंती. ते खुर्चीत मागे टेकून ऐकत होते. मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा, बैठो पहले। लड़की का फ़ोन आया था क्या?"

"नाही. नहीं आया."

"उसके पापा का आया होगा।"

मी उभाच राहिलो.

"देखो, मैं समझता हूँ। आपकी बेटी जैसी थी। पर उसकी ग़लती अपने सिर मत लो। हिस्ट्री टेबल में आपका नाम है? नहीं है। जो हुआ ही नहीं उसका पाप क्यों ले रहे हो?"

"नाव नाही म्हणूनच तर सांगतो आहे. असा बदल केला की नाव येतच नाही."

"कोई सबूत?"

"नाही."

ते हसले. खरंच माया होती त्या हसण्यात. "आप भगवान आदमी हो, दादा। चाय पियो।"

दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या ऑफिसात पसरली होती. सोनल, ती रिसेप्शनवर बसते ती, माझ्या पाया पडली. "सर, आजकल कौन करता है ऐसा," म्हणाली. ओंकार, तुझ्या शेजारच्या खुर्चीवरचा, तुझा खरा मित्र, तो मात्र माझ्याकडे पाहीनासा झाला. त्याला वाटतं, मी नाटक करून मोठेपणा मिळवतो आहे आणि तुझ्यावरचा डाग आणखी गडद होतो आहे. म्हाताऱ्याने पोरीला वाचवायला एवढं केलं म्हणजे पोरीचं नक्कीच चुकलं असणार, असं आता सगळे धरून चालतात. डागाबद्दल त्याचं बरोबर आहे. मी खरं सांगून तुझं आणखी नुकसान केलं.

आता मागच्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करतो.

मी लिहिलं की मी विसरलो. तुझ्या ऑब्झर्व्हरच्या फाईलमध्ये सर्वांत वर तू मराठीत लिहून ठेवलं आहेस: एकगठ्ठा बदल करू नये, एकेक नोंद उघडून सेव्ह करावी, नाहीतर हा कोड जागा होत नाही. कोडमध्ये मराठी पाहून जितेंद्रजी चिडले होते. तू म्हणाली होतीस, "सर, काकांसाठी आहे. त्यांना इंग्रजी कमेंट वाचायला वेळ लागतो." सगळे हसले. मीही हसलो. ती फाईल तपासून मंजूर करणारा मीच.

शनिवारी ती ओळ लिहिताना मला हे आठवलं होतं. बोट एंटरवर असताना आठवलं होतं. मी ठरवलं, मेसेज उद्या सकाळी हाताने पाठवू. सोमवारला अजून एक दिवस आहे.

रविवारी सकाळी मी दळण आणलं. पेपर वाचला. सिंधूने मेथीची भाजी निवडायला दिली, ती निवडली. दुपारी झोपलो. विसरलो तो तेव्हा. एवढीच जागा आहे विसरण्याची.

अजून एक. बुधवारी संध्याकाळी मंदिरातून फोन आला की वसंतराव गेले, आणि मंगळवारी ते सेंटरच्या बंद दारातून परत आले होते. मला लगेच कळलं. त्या काळ्या खिडकीत टाईप केलेली प्रत्येक ओळ सर्व्हरवर एका फाईलमध्ये राहते. गुरुवारी मी आठ वाजता ऑफिसला गेलो. झाडणारी बाई सोडून कुणी नव्हतं. त्या फाईलमधून माझी ओळ मी काढून टाकली. मग देव्हाऱ्यासारखं टेबल स्वच्छ पुसलं, उदबत्ती लावली. अकराला मीटिंग झाली. बाराला तू तुझी पिशवी घेऊन जिना उतरलीस.

सही करतो, आशीर्वाद लिहीत नाही.
दिगंबर

---

कोटरा सुल्तानाबाद
९ मार्च २०२५

मेघा,

परवाच्या गुरुवारी आरतीनंतर मंडळाच्या अध्यक्षांनी मला पुढे बोलावलं. ऑफिसातली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती, सोनलची आत्या मंदिरात येते. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "परक्या मुलीसाठी स्वतःवर आळ घेणारा माणूस आपल्यात आहे." मग वसंतरावांचे टाळ माझ्या हातात दिले. ते कोपऱ्यात तसेच पडून होते. म्हणाले, हे आता तुमच्याकडे शोभतात. लोकांनी माना हलवल्या. मालतीवहिनी बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांनी मला हात जोडले.

मी ते टाळ घेतले. सगळ्यांसमोर नको म्हणता आलं नाही. पितळ थंडगार होतं.

घरी आलो आणि सिंधूला सगळं सांगितलं. तीन महिने तिलाही ठाऊक नव्हतं. ती पोळ्या लाटत होती. गॅस बंद केला, लाटणं ठेवलं, आणि म्हणाली, "तुम्ही रोज पहाटे कुणापुढे बसता हो, हात जोडून?" त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

जे कुणालाच सांगितलं नाही ते आता लिहितो.

दत्तजयंतीच्या भजनात वसंतराव माझ्या शेजारी बसले होते. माझ्या हार्मोनियमला त्यांचा गुडघा लागत होता. त्यांची नोंद बदलून मला दीड तास झाला होता आणि मला ते ठाऊक नव्हतं. त्या ओळीने तेवीस हा आकडा दिला, नावं दिली नाहीत. एकेक नोंद उघडली असती तर वसंतरावांचं नाव माझ्या डोळ्यांसमोर आलं असतं, वय अडुसष्ट, पत्ता नेहरू नगर, आणि मी पाळण्याआधी त्यांना सांगितलं असतं, "अहो, मंगळवारी जाऊ नका." मशीनला मेसेज पाठवायची गरजच नव्हती. माणूस हाताच्या अंतरावर होता.

दोन भजनांच्या मध्ये ते पाणी प्यायले, मोजून दोन घोट, आणि मला म्हणाले, "मंगळवारपर्यंत पाणी जपून प्यावं लागतं. मंगळवारी मशीनवर बसलो की मग एक कप चहा पूर्ण."

मंगळवार हा शब्द मी ऐकला. तो माझ्या आत कुठेतरी टोचला, हेही खरं. तेवढ्यात पुढच्या भजनाचा सूर विचारला गेला आणि मी काळी चार दाबली.

मेघा, तुझ्यावर आलेला आळ मी जितेंद्रजींच्या केबिनमध्ये उतरवायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, काही पुरावा? मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. सर्व्हरची रोजची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते आणि नव्वद दिवस राहते. शनिवारच्या प्रतीत ती फाईल आहे, मी ओळ पुसण्याआधीची. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती प्रत काढायला मला कुणाची परवानगी लागत नाही, किल्ली माझ्याकडेच आहे. मी फक्त दिवस मोजत होतो. आज पंच्याऐंशी झाले. शुक्रवारी ती आपोआप पुसली गेली असती, आणि पुढच्या चार दिवसांत तिच्या मागच्याही. मग मी आयुष्यभर कबुली देत फिरलो असतो आणि आयुष्यभर लोक माझ्या पाया पडले असते.

आज रविवार असून ऑफिसला गेलो. प्रत उतरवून घेतली. शुक्रवारच्या फाईलमध्ये ती ओळ नाही, शनिवारच्या फाईलमध्ये शेवटची तीच आहे. सर्व्हरवर त्या दुपारी कोण आत आलं त्याची नोंद वेगळी राहते, त्यात पावणेपाचला फक्त माझं नाव. गुरुवारी सकाळी आठलाही माझंच. सगळं छापून घेतलं. एक संच या पत्रासोबत तुला. एक ओंकारच्या घरी देऊन आलो, त्याने दारातच वाचला आणि दार लावून घेतलं. एक उद्या सेंटर चालवणाऱ्या ट्रस्टच्या कार्यालयात देतो.

दिगंबर

---

कोटरा सुल्तानाबाद
१६ मार्च २०२५

मेघा,

ट्रस्टच्या लोकांनी मंगळवारी मला तीन तास बसवलं. कागद ओंकारने त्यांना समजावून सांगितले, तो स्वतःहून आला होता. त्यांनी माझा जबाब घेतला आणि प्रत्येक पानावर सही घेतली. पुढे पोलिसांकडे जायचं की नाही ते त्यांचा वकील ठरवणार आहे. जितेंद्रजींनी मला कामावरून काढलं. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "उस दिन मैंने आपको चाय पिलाई थी, दादा।" ट्रस्टने त्यांच्याकडून एक पत्र लिहून घेतलं आहे, त्यात तुझं पूर्ण नाव आहे आणि तुझ्या कोडमध्ये दोष नव्हता असं स्वच्छ शब्दांत आहे. मूळ पत्र तुझ्या वडिलांच्या नावे निघालं आहे, प्रत सोबत जोडली आहे. नागपूरच्या कंपनीलाही त्यांनी ती पाठवली. त्यांनी ती जागा भरली असेल तर मला ठाऊक नाही. तुझे तीन महिने मात्र गेले, ते कुठल्या पत्रात येत नाहीत.

टाळ मी अध्यक्षांच्या घरी पोचवले आणि कारण सांगितलं. त्यांनी "बरं" म्हटलं. हार्मोनियमसाठी आता दुसरा माणूस पाहतील.

काल मालतीवहिनींकडे गेलो. सिंधू म्हणाली, मी येते. मी नको म्हटलं. ती तरीही आली आणि फाटकाबाहेर उभी राहिली.

मी आत जाऊन उभ्याने सांगितलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. निवडायच्या थांबल्या नाहीत. मी सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे मेसेज आलाच नव्हता?"

"नाही."

"मी पुसला नव्हता."

"नाही, वहिनी. पाठवलाच गेला नव्हता."

"त्या दिवशी मी मोबाईल तुमच्या हातात दिला, तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं."

"हो."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं, फोन घेतला, कौस्तुभला लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा केला. "कौस्तुभ, हे दिगंबर भाऊजी आलेत. काय सांगतात ते ऐक." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सांगा. पुन्हा सगळं सांगा. मला सांगितलं तसंच."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना माझा आवाज बसला, तर त्या म्हणाल्या, "मोठ्याने." मग कौस्तुभ म्हणाला, "आई." पुन्हा म्हणाला, "आई." वहिनींनी फोन कानाला लावला, तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाल्या, "अरे हो, आहे मी. आहे इथेच."

मी निघायला वळलो. त्यांनी फोन छातीशी धरून मला थांबवलं.

"तेराव्याला तुम्ही आमच्याकडे जेवलात," त्या म्हणाल्या. "यांच्या आवडीची खीर होती. मी तुम्हाला आग्रह करून दोनदा वाढली. तुम्ही घेतलीत. कशी गेली हो ती घशाखाली?"

मी उंबऱ्यापाशी उभा होतो. त्या वाट पाहत होत्या. खरोखर विचारत होत्या, त्यांना उत्तर हवं होतं.

मी म्हटलं, "गोड लागली होती."

त्यांनी मान हलवली, जणू एवढंच कळायचं राहिलं होतं, आणि दार लोटून घेतलं.

मेघा, तुझ्याही मनात असं काही असेल. मी क्षमा मागत नाही. पण तुला जे विचारायचं असेल ते विचार, एका ओळीत विचार, कुणाकडून निरोप पाठवून विचार. जे असेल ते सांगेन.

दिगंबर